हे कुठल्या गावचं?

सिव्हिलच्या बाकावर, एकोणचाळीस नंबरची चिठ्ठी मुठीत धरून
नायना बसलेत. खांद्यावर टॉवेल,
आमच्याच कारखान्यातला, सेकंड क्वालिटी,
कडेचा एक धागा सुटलेला.
तो ते ओढत नाहीत. चाळीस वर्षांत कधी ओढला नाही.

सिस्टर आयरीन साळवे दारातून ओरडतात,
"गप बसा वो जरा, नंबराप्रमाणंच घेणार!"
आयरीन म्हणजे शांती, ग्रीक नाव आहे.
त्यांना ठाऊक असेल-नसेल.
मी काही बोलले नाही, अडतीस नंबर खोकत होता.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं : बिसिनोसिस.
नायनांनी मान पुढं केली,
"हे कुठल्या गावचं?"
पूर्व भागात नव्या माणसाला आधी हेच विचारतात.
करीमनगर? सिरसिल्ला? वरंगलच्या अलीकडं की पलीकडं?

मी रात्रशाळेत इंग्रजी शिकवते.
मला सांगता यायला हवं होतं.

घरी आई सुपात विड्या वळत होती.
तिच्या तंबाखूला पोर्तुगीज घेऊन आले, जहाजातून.
पगारही त्यांचाच शब्द,
लांबून येतो म्हणून उशिरा येतो, असं आई म्हणते.
नायनांच्या मागावरचं जकाट
हे कुणा फ्रेंच माणसाचं आडनाव, आमच्याकडं येऊन झिजलेलं.
आणि दमा? तो फारसी. दम म्हणजे श्वास.
दम धर, दम खा, दम निघाला :
एवढं सगळं उसनं घेऊन आम्ही जगतो
आणि कुणी परत मागायला आलेलं नाही.

मग जाड डिक्शनरी उघडली.
ग्रीक. अर्थ : तलम कापड.
ग्रीकांनाही ते पूर्वेकडून मिळालं, फिनिशियन व्यापाऱ्यांकडून,
शब्द आणि ताणा एकाच गाठोड्यात.
इजिप्तात त्यात राजांची मढी गुंडाळायचे.
पुढं लॅटिनच्या गोदामात पडून राहिलं,
कुणी इंग्रज डॉक्टरानं धूळ झटकून उचललं
आणि अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये, रात्रपाळीला,
ते नायनांच्या छातीत उतरलं.
कापड वाटेतच कुणीतरी काढून घेतलं होतं.
पोचला तो तूस.

एवढं सगळं मी त्यांना सांगितलं नाही.
म्हटलं, "कापडाच्या गावचं आहे, नायना."
"मग आपल्यातलंच," ते म्हणाले,
आणि नंबराच्या चिठ्ठीमागं पेन्सिलीनं
तेलुगूत लिहून ठेवलं,
गोल गोल अक्षरं, बॉबिनी मांडाव्यात तशी.
मोठ्यानं वाचलं : बिस्सिनोसिस.

मी म्हणाले, "एकच स आहे."
ते म्हणाले, "दोन पायजेत. एकानं दम लागत न्हाई."

झोपण्याआधी पुन्हा पान काढून पाहिलं.
ग्रीकमध्ये दोन आहेत.