हाताएवढा माग

शाळेतून वही आली. वर लिहिलेलं : आभाराची वही.
रोज तीन ओळी.
हारिणीनं पहिल्याच संध्याकाळी आठवडा उरकून टाकला :
आई, बाबा, बाई. आई, बाबा, बाई.
सहाव्या दिवशी बदल म्हणून बाई, बाबा, आई.

मी काही बोललो नाही.
मला तरी कुठं येतं?
आमच्या बोळात आभार मानले की समोरचा बिचकतो,
मी काय परका का, म्हणतो,
आणि दोन दिवस चहाला येत नाही.

रविवारी बुटांचं खोकं कापलं.
दोन्ही कडांना दात पाडले,
पांढरा ताणा चढवला,
बोटानं छेडला तर टणकन् वाजेल इतका ओढून.
फणी म्हणजे रेणुकाचा कंगवा.
धोटा म्हणजे गड्ड्याच्या जत्रेतली कुल्फीची काडी.
ती श्रीकरनं जानेवारीपासून उशीखाली ठेवलेली,
द्यायला तयार नव्हता. मग दिली.
पहिला दोरा त्यालाच, त्या काडीबद्दल.

बाण्याला कारखान्यातला गुंता,
टॉवेलांच्या कडांचा,
मुकादमाला विचारून आणलेला, पिशवीभर.
नियम एकच :
ज्याच्या नावाचा दोरा, त्यानं नेमकं काय केलं ते सांगायचं.
'चांगले आहेत' चालणार नाही.

निळा गेला पाणीवाल्या वाघमारेकाकांना.
पाचव्या दिवशी, पहाटे साडेतीनला,
सायकलवर चावी घेऊन येतात,
कुत्री मागं लागतात तरी.
हिरवा शेजारच्या पद्मावतीअक्कांना :
विड्या वळताना सुपावरची नजर न काढता
साताचा पाढा म्हणून घेतात,
कुठं चुकला ते बरोबर कळतं त्यांना.
तपकिरी रिक्षाच्या सीटला.

सीटला कशाला गं?
फाटलीय ना ती.
आत बोट घालून बसलं की
शाळा येईस्तोवर रडू येत नाही.

रेणुकाचा हात कंगव्यावर थांबला.
ही रडते, हे आम्हा दोघांना माहीत नव्हतं.

श्रीकरला कसली कल्पना नाही.
त्यानं विचारलं, बाबा, तुमचा दोरा?

मी यासीनभाईंचं नाव घेतलं.
माझा ताणा तुटला की स्वतःचा माग सोडून येतात,
गाठ मारतात, जातात.
मग तुम्ही त्यांना काय म्हणता?
म्हणत काहीच नाही.
छप्पन्न माग एकदम चालू असतात तिथं,
माणसाचा आवाज माणसाला पोचत नाही.
घरात तेलुगू, शाळेत मराठी,
कारखान्यात फक्त हात.
मूठ छातीला टेकवायची, हनुवटी जराशी वर.
ते मान हलवतात. झालं.
चौदा वर्षं एवढंच.

मुलांनी ते दहादा करून बघितलं.
श्रीकरची मूठ दर वेळी पोटावर.

कापड वाकडंच निघालं,
एका अंगाला ओढलेलं, मध्ये भोक.
आता त्यावर गरम पातेलं असतं.
वहीत बाईंचा लाल शेरा आला :
ओळी अपूर्ण, पालकांनी लक्ष द्यावे.

सोमवारी रात्रपाळी सुटल्यावर घरी न जाता
शाळेच्या फाटकासमोर उभा राहिलो,
अंगावर सुताची लव तशीच.
रिक्षा आली. आठ पोरं उतरली, मग ही.
बोटाला सीटमधल्या स्पंजाचा पिवळा कण.
मला बघितलं. मैत्रिणी होत्या, म्हणून जवळ आली नाही.
मूठ छातीला. हनुवटी वर.

रात्री कामावर जायच्या आधी
पातेलं उचललं, कापड उलटं धरलं,
आणि सुईनं एक पिवळा दोरा ओवला त्या भोकाच्या कडेनं.
श्रीकर जागाच होता. कशाबद्दल, म्हणाला.

नियम माझाच.
मला सांगता आलं नाही.