एक कान नळाकडे

आमच्या गल्लीत पाणी चार दिवसांआड,
आणि तेही रात्री दोनला, कधी सव्वातीनला,
वेळेचं काही खरं नाही.
म्हणून नळापाशी पाटावर मी,
मांडीवर मोबाईल,
मोबाईलमध्ये माझी काजळी:
दबक्या पावलांची, दोन कट्यारींची,
लेव्हल एकतीस,
महिन्याभरात एकशेचौदा वेळा मेलेली.

मरायची पद्धत ठरलेली.
अंधारातून सरकत जायची,
पाठीत पहिला वार चोख,
पहारेकरी अर्धा व्हायचा
आणि ही बया तिथंच त्याच्यासमोर
पदर खोचून भांडायला उभी राहावी तशी उभी.
तीन फटक्यांत आडवी.

शेजारचा तिरुपती चिप्पा,
दहावीला दोनदा बसलेला, खेळात लेव्हल साठ,
त्यानं कट्ट्यावर बसून तिचं सामान उलगडलं
आणि कपाळावर हात मारला.
"अक्का, हिला चिलखत कशाला बे?"
छान दिसतं म्हणून.
"आणि पॉइंट सगळे ताकदीत?"
मला वाटलं, ताकद म्हणजे ताकद.
"हिनं भांडायचं नसतं अक्का. मारायचं आणि जायचं."

पाचशे मोहरा देऊन तिला पुन्हा कोरी केली.
चिलखत विकलं, तेव्हा थोडं वाईट वाटलं.
उजव्या हातात जड, संथ कट्यार, पहिल्या वारापुरती.
डाव्या हातात हलकी, विष लावलेली.
दम भरेपर्यंत बोट उचलायचं नाही,
आणि धूर सोडायचा जीव अर्धा असतानाच.
"जीव गेल्यावर काय, अगरबत्ती लावतीस?"

तरी नऊ वेळा मेले.
जवळ गेलं की तो वळायचाच,
कुणी त्याला चुगली केल्यासारखा.

त्या रात्री नान्ना लघवीला उठले,
माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिले.
पॉवरलूमवर चौतीस वर्षं जॉबर,
आता मोठ्यानं बोललं तरच पोचतं.
तेलुगूत म्हणाले, याच्या बुटांचा आवाज येत नाही?
आवाज बंद ठेवलाय, मी ओरडून सांगितलं,
तुमची झोप मोडू नये म्हणून.
हसले. खोकला येईपर्यंत हसले.
मग बोटांनी पाटावर ताल धरला,
खट्-खटक, खट्-खटक,
आणि मधेच एक ठोका सोडला.
बारा माग चालू असायचे, म्हणाले,
मी दारात पाठमोरा, हातात चहा,
एकानं ताल सोडला की कळायचं
कुठल्या मागाला काय झालंय ते.
आणि पुन्हा जाऊन झोपले.

इयरफोन एकाच कानात घातला.
दुसरा नळासाठी मोकळा:
पाण्याआधी हवा येते, बारीक शीळ घालत,
ती चुकली की चार दिवस शेजाऱ्यांची मनधरणी.

पहारेकऱ्याची सहा पावलं.
साखळी वाजते. थांबतो. नाक ओढतो.
मग वळतो.
इतके दिवस हा मला सांगत होता सगळं.
सहाव्या पावलाला काजळी त्याच्या पाठीशी,
वार, विष, धूर,
आणि तो पडला तेव्हा मी
रिकाम्या घागरीवर हात आपटला.
अम्मा झोपेतच ओरडली, मांजर हाकल.

गेल्या मंगळवारी किल्लेदार.
दिवसभर एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवून
बोटं सुजलेली, तरी बसले.
पाऊण मारला होता त्याला.
त्याचा श्वास कानात जड झाला होता,
अजून दोन वार, फार तर तीन,

आणि दुसऱ्या कानात शीळ.

पूर्वीची मी असते तर
घागर तशीच राहिली असती.
धूर सोडला. काजळी नाहीशी.
मोबाईल खिडकीत उपडा ठेवला,
हंडा, घागर, दोन बादल्या, पिंप,
नान्नांचा तांब्या शेवटी,
पाऊण तास, कंबरेत कळ.

ओल्या हातांनी मोबाईल उलटा केला.
चार्जिंग नऊ टक्के.
किल्लेदार होता तसा, पुन्हा पूर्ण,
एक थेंब रक्त कमी नाही.
मला विसरला होता.
खिडकीशी उभा, खाली दरीकडे बघत,
पाठ माझ्याकडे.

इयरफोन पुसला पदराला.
एक. दोन. तीन.