तिसरा टेक

नॅशव्हिल. मार्चची रात्र. हीटर बंद,
त्याची घरघर टेपवर उतरते म्हणून.
लोर्ना प्रुइट कोट घालूनच गातेय.

शब्दांत फारसं काही नाही:
कपाटातले रिकामे हँगर,
कुणी परत न मागितलेली किल्ली.
ती सांगते दुधाचा हिशेब सांगावा तसं.

रडायचं काम व्हर्लिन टॅकेटकडे.
स्टील गिटारवर ओणवा होऊन
तो तारांवरून लोखंडी कांब सरकवतो,
गुडघ्याने खटका जरासा रेटतो,
आणि सूर एका घरातून निघतो,
दुसऱ्यात शिरत नाही.
उंबऱ्यावर उभा राहतो, टोपी हातात घेऊन.

बास दोनच पावलं टाकतोय,
झोप न येणारं माणूस
स्वयंपाकघरात टाकतं तशी.
फिडलवाल्या इमेटला ताकीद आहे:
शेवटच्या कडव्याआधी हात लावायचा नाही.
तो गज मांडीवर घेऊन बसलाय.

शेवटच्या कडव्यात, 'किल्ली'वर,
लोर्नाचा आवाज फाटला.
गाणं तसंच पुढे गेलं, संपलं.
काचेपलीकडून कुणीतरी म्हणालं, पुन्हा घेऊ.
"कशाला?" म्हणाला व्हर्लिन,
आणि रुमालाने कांब पुसत बसला.

इमेटने गज उचललाच नव्हता.
पैसे मात्र त्याला पूर्ण मिळाले.