पन्नास

तान्ह्या पोळ्याला चार दिवस उरले
आणि उत्पला गजभियेचा लाकडी नंदी
मान हलवता हलवता थरथरू लागला.
सागवानी अंग, इतवारीतली पितळी घुंगरं,
गळ्याच्या खोबणीत निळी सर्वो मोटर, आगपेटीहून लहान,
बाटलीत कोंडलेल्या माशीसारखी गुणगुणत होती.
बोट लावलं. चटका बसला.

“आबाजी, काहून असा करून रायला हा?”
शेजारची पोरगी, आठवीतली.
लॅपटॉपवर ओळीच ओळी. एक मी चष्मा वर करून वाचली:
तीनशे तीस.
“सेकंदाला तीनशे तीस वेळा सांगते मी त्याले.
जास्त सांगितलं तर लवकर ऐकन, नाही का?”

कोराडीला एकतीस वर्षं काढली मी,
कंट्रोल रूममध्ये, एका काट्यासमोर.
काटा पन्नासवर असला की डबा उघडायचा.
एकोणपन्नास पूर्णांक सहा,
की डबा बंद, फोन उचल, पाड कुणाचा तरी फीडर.
सदरमधलं लग्न असो की वाडीतली गिरणी,
मला काटाच दिसायचा.

त्या पन्नासचा या पन्नासशी संबंध नाही, ठाऊक आहे.
तिथे लाट होती, इथे टिचकी.
तरी म्हणालो, “पन्नास करून पाय.”

केलं. नंदीने मानच टाकली.
आकडा बदलला होता, वाटा बदलला नव्हता:
तीन मिलिसेकंदांतला अर्धा म्हणजे दीड,
विसातला अर्धा म्हणजे दहा,
एवढी लांब हाक त्याच्या बापजन्मात कुणी मारली नव्हती.
मग वीजबिलाच्या पाठीवर रेघा ओढल्या.
हे वीसचं घर. दाराशी दीडची हाक, मान सरळ.
हाक जरा लांबली की वर, आखडली की खाली.
उरलेले साडेअठरा, कुणी काही बोलत नाही.

“मंग तेवढ्या वेळात तो काय करते?”
“सांगितलं तेच करते.”

पुण्याला मुलगा आहे. सकाळी एक फोन,
दुपारी एक, रात्री जेवला का म्हणून एक.
“बाबा, मीटिंगमध्ये आहे.”
हे मी उत्पलाला सांगितलं नाही.
ती साडेसात टक्के टाइप करत होती.

गुणगुण थांबली.
नंदीने मान उचलली, सावकाश, जाणत्या बैलासारखी,
आणि खाली आणली.
दहा मिनिटांनी पुन्हा बोट लावलं. कोमट.

तेवढ्यात लाईट गेली.
कूलर घरघरत बसला,
दिघोरीची अख्खी गल्ली एकदम ओरडली.
माझा हात सवयीने फोनकडे गेला,
विचारायला, कोणता फीडर, कुणी पाडला,
आणि तिथेच राहिला.

अंधारात घुंगरं वाजत होती.
चार पेन्सिल सेलांवर
नंदी हो म्हणत होता,
थांबत होता,
हो म्हणत होता.