मागे राहू नका

सकाळी साडेसात. पोद्दार हॉस्पिटलसमोर
मी मिटलेली छत्री उंच धरून उभी.
जपानी गाईड असंच करतात म्हणे.
भाषा मी गिरगावात क्लास लावून शिकले, तीन परीक्षा दिल्या,
छत्रीचं मात्र व्हिडिओ बघून.
फी साडेतीनशे. तीत चहा नाही, टोपी नाही,
पाण्याची एक बाटली धरलेली आहे.
माणसं अकरा, बाटल्या अकरा.
माझी स्टीलची, घरून भरून आणलेली.

चला. चपला इथे काढा. मागे राहू नका.

देऊळ म्हणा, विहार म्हणा,
भिक्षू तक्रार करत नाहीत.
त्यांच्या हातातला चपटा ढोल
पंख्यासारखा, मूठ असलेला,
ढुम् झाला की रस्त्यावरची डबल डेकरसुद्धा
क्षणभर पाय घासून आत आल्यासारखी वाटते.
तळाशीलकर, बँकेतून निवृत्त, वही उघडून विचारतात,
"कितव्या सालातलं?"
सनावळ्या मला पाठ आहेत,
लग्नघरात आडनावं पाठ असावीत तशा.
चेहऱ्यांशी जुळतीलच असं नाही.

खांबाजवळ सुगंधाबाई सपकाळ बसलेल्या.
त्या आमच्यात नाहीत; बीडीडी चाळीतून रोज येतात.
माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या,
"आमचाच आहे की तो.
लांब कामाला गेलेला, भाषा बदलून आला, एवढंच."
सगळे हसले.
तेव्हापासून हे वाक्य मी दर फेरीत टाकते,
त्यांचं नाव न घेता.

मग गॅरेजांच्या रांगेतून, जळक्या रबराच्या वासातून
दफनभूमीकडे.
इथलं माझं भाषण छोटं:
खलाशी होते, कापसाचे दलाल होते,
आणि काही स्त्रिया.
बस. रविवारी लोक मुलांना घेऊन येतात.

नोबुए-सान एका बुटक्या दगडापाशी उकिडव्या बसल्या.
अक्षरं झिजलेली. तीन परीक्षा देऊन
मला त्यातलं एकच वाचता आलं: बाई.
"हे नाव नाही," त्या म्हणाल्या.
"मेल्यावर भिक्षू देतात ते नाव."
मग खरं?
"ते लिहिलेलंच नाही."
बोट खाली सरकलं.
"हे वय. एकोणीस."

आणि त्यांनी बाटलीचं झाकण फिरवलं,
दगडाच्या माथ्यावर पाणी सोडलं, सावकाश.
पिंडीवर घालतो तसं नाही.
तापाने फणफणलेल्या पोरीच्या डोक्यावर
आपण रात्रभर घालतो तसं.

"कोण होती ती?" तळाशीलकरांच्या नातीने विचारलं.
मी छत्री खाली घेतली.
म्हटलं, कामाठीपुऱ्यात होती.
म्हटलं, आली नव्हती. आणली होती.
तळाशीलकरांचं पेन थांबलं.
त्यांनी वही मिटली, काखेत धरली,
आपली बाटली उघडली.
मग एकेक जण. कुणी कुणाला सांगितलं नाही.
शेजारच्या दगडांनाही मिळालं, पुरलं तेवढं.
मीही स्टीलची उपडी केली.

मे महिना, नऊ वाजून गेलेले,
सावलीला एकच करंज,
आणि नाक्यापर्यंत बारा तहानलेली माणसं
एका ओळीत, गप्प.
रखवालदार मागून ओरडला,
"आज घातलंत, ठीक. रोज कोण घालणार?"
मला जपानीत उत्तर येत नव्हतं,
मराठीतही नव्हतं.

पुढच्या रविवारचं बुकिंग बाराचं.
नाक्यावर बाबल्याच्या दुकानात मी तेरा मागितल्या.
"बारा म्हणालीस ना?"
एकजण मागे राहते, म्हटलं.
"तिची थंड देऊ की साधी?"
मी पहिल्यांदाच थांबले.

थंड दे, म्हटलं.
ऊन असतं तिथे.