नोंद ११२, बोदवड

जिनिंगच्या वजनकाट्याशेजारची खोली मिळाली.
पावत्यांचे गठ्ठे सारून लॅपटॉप ठेवला,
पंखा बंद केला.
तरी गलका उरलाच:
भिंतीपलीकडे चोवीस रेच्यांचा एकच लांब स्वर,
पन्नास हर्ट्झच्या आसपास.
तो मी ओळखतो. तो कापता येतो.

धुळ्याहून निघताना सर म्हणाले होते,
शंभराच्या खालचं सगळं फेकून दे,
हजाराच्या वरचंही.
मधे उरेल ते फुप्फुस.

एकशे बारावी बाई आत आली,
भुवयांवर कापसाची लव.
नाव? सुपडाबाई.
आधीची तीन लेकरं गेली, म्हणून हिला
जन्मल्याबरोबर सुपात घालून हलवली होती,
दाण्यासारखी.
हे तिनं पाठ माझ्याकडे करता करता सांगितलं,
पत्ता सांगावा तसं.

मोठा श्वास घ्या.
घेतला.
पडद्यावर जवळजवळ काहीच नाही,
पेरणीआधीच्या वावरासारखी सपाट निळी पट्टी.
हिरवा चौकोन आला:
निरोगी, ब्याण्णव टक्के.

पुन्हा. अजून मोठा.
"आठे कोन मोठा दम लेस, भाऊ?
कापूस पोटमा जास."

एकवीस वर्षं ती वरच्यावर श्वास घेत आलीय,
उसनं पीठ मागावं तसा,
वाटीच्या काठाच्या आतच.
इतक्याशा श्वासात शीळ वाजत नाही.
यंत्र ज्या छात्यांवर शिकलं
त्या कुठल्यातरी गार खोलीत
सांगितल्याबरोबर भरत असणार.

मग मी म्हणालो, फुंकणी धरा.
कुठली?
धरा हो. चूल विझत आलीय,
पऱ्हाट्या ओल्या आहेत,
पाहुणे दारात चपला काढतायत.

हसली. मूठ तोंडाशी नेली.
स्टेथोस्कोपची टिकली मी खांद्याच्या हाडाखाली दाबून धरली,
आणि चौथ्या फुंकीला
चारशेच्या उंचीवर
एक आडवी रेघ उमटली.
फुंकर संपेपर्यंत राहिली.
नंतर पुन्हा. नंतर पुन्हा.
चौकोन तांबडा झाला.
मला आनंद झाला.
हे लाज वाटते म्हणूनच लिहून ठेवतो.

"काय दिखनं?"
रेघ दाखवली. बोट न लावता ती वाकून बघत राहिली.
"सोमवारनी शे ती," म्हणाली.
"सोमवारले वाजस. शनवारले गप ऱ्हास."
डॉक्टरांच्या पुस्तकात याला एक पान आहे;
तिला ते तोंडपाठ होतं,
नुसतं नाव माहीत नव्हतं.
भोंगा झाला. चिठ्ठी कनवटीला लावून ती गेली.

रात्री भुसावळच्या लॉजवर फाईल साफ केली.
शंभराच्या खालचं गेलं:
रेचे, वाटेवरचा ट्रॅक्टर, तिच्या काळजाचे ठोके.
हजाराच्या वरचं गेलं: बांगड्या.
बोलणं हातानं कापावं लागलं,
ते नेमकं मधेच बसतं,
फुप्फुसाच्याच जागेत.

उरले अकरा सेकंद.
स्वच्छ. पाठवण्याजोगे.

मूळ फाईल पुसायची असते, जागा पुरत नाही.
अजून पुसली नाही.
तिच्यात चौसष्टाव्या सेकंदाला
ती त्या नसलेल्या चुलीला म्हणते,
पेट ना वं माय.