उरलेला एक

खासबागेत लाईट गेली
तेव्हा भरमूमामाचा माग जिथल्या तिथं थांबला.
धोटे मोजणाऱ्या मीटरवर
१२३४५६७.

शेजारच्या मागावरचा इराप्पा वाकून म्हणाला,
"प्रार्थनेला उभारल्यागत उभारलेत की ओ सगळे!"
आणि चहाला गेला.
मामा गेला नाही.
एवढा देखणा आकडा,
कुणाच्या तरी पाढ्यात येत असणारच.

मामा सातवी नापास. खडू घेतला,
भिंत घेतली.
दोन नाही. पाच नाही.
तीनसाठी अंक मिळवले, अठ्ठावीस झाले: एक उरला.
सातला वाटलं, शेपटाला आपणच आहोत;
तरी पाच उरले.
अकराला चार, तेराला नऊ.

लाईट आली. मीटर पुढं सरकलं.
आकडा भिंतीवर राहिला.

मी तेव्हा कांड्या भरायची, बारा वर्षांची.
रोज माग बंद झाल्यावर दोघं भागत बसायचे,
मामा डावीकडं, इराप्पा उजवीकडं कन्नड आकड्यांत,
म्हणजे चूक एकाची असली तर दुसऱ्याला सापडावी.
सत्तावीस मूळ संख्या झाल्या. प्रत्येकीत
काही ना काही शिल्लक.
मंजव्वामामी म्हणाली, चुना कोण तुमचा बाप लावणार?

एकशे सातच्या रात्री मामा एकटाच भिंतीपाशी गेला,
कंदील धरून उजवीकडची बाकी वाचली:
शून्य.
मला उठवलं. कोपऱ्यावरून भजी आणली,
अर्ध्या गल्लीला वाटली.

सकाळी इराप्पा कपाळावर हात मारून घेत,
"सोन्ने अल्लो मामा, ओंदु!"
कन्नडमधला एक म्हणजे
तोंड न मिटलेलं शून्य.
खडू जाड होता, तोंड मिटलं होतं.

एका धोट्यानं हुकला होता आकडा.
लाईट पापणी लवायच्या आत गेली असती
तर एकशे सातचा झाला असता.
मामा दोन दिवस बोलला नाही.
भज्यांचे पैसे मामीनं विचारले नाहीत.

एकशे नऊ, तेहतीस उरले.
एकशे तेरा, बेचाळीस.
मग एकशे सत्तावीस. एकतिसावी.
डावीकडं शून्य. उजवीकडं शून्य,
इराप्पानं तीनदा गिरवून मिटवलेलं.
भागाकार ९७२१.
मी विचारलं, आता ह्यालाही भागायचं?
मामा म्हणाला, कशाला?
जे अख्ख्या ठाणाला लागले नाहीत
ते त्याच्या तुकड्याला कुठून लागतील?
ह्या वेळी भजी कुणी आणली नाहीत.
दोघं नुसते बघत बसले.

माग आता भंगारात गेला. मीटर मी मागून घेतलं,
बँकेतल्या माझ्या टेबलावर असतं.
सात आकडी काहीतरी दाखवत थांबलंय.
शेवटी तीन आहे,
म्हणजे दोन नाही, पाच नाही.
पुढचं रविवारी,
इराप्पाला दिसत असलं तर.